कोरोनानंतर गेलेला वास विद्रूप होऊन परततो तेव्हा

प्रश्न : माझे वय ३६ आहे. सात महिन्यांपूर्वी मला कोरोना झाला. ताप दोनच दिवस होता, पण तिसऱ्या दिवशी सकाळी आल्याचा चहा उकळत असताना वास मुळीच येत नसल्याचे लक्षात आले. नाक चोंदलेले नव्हते. दोन महिन्यांनी थोडाथोडा वास येऊ लागला, तेव्हा बरे वाटले. मात्र चौथ्या महिन्यापासून कांदा-लसणाची फोडणी, कॉफी, टूथपेस्ट, अंडी, इतकेच काय, स्वतःच्या घामालाही एकच कुजकट-करपट वास येतो. जेवण जात नाही आणि सहा किलो वजन उतरले आहे. एके ठिकाणी स्टिरॉइडच्या गोळ्या सुचवल्या, ओळखीच्यांनी झिंक घ्यायला सांगितले. घरचे म्हणतात, हे मनाचे खेळ आहेत. मेंदूला काही झाले असेल का? वास पूर्वीसारखा येईल का?

उत्तर : तुम्ही लिहिलेला क्रम, म्हणजे आधी वास अचानक जाणे, मग थोडा परतणे आणि त्यानंतर ओळखीच्या वासांचे ओंगळ रूप होणे, हा कोरोनानंतरच्या घ्राणदोषाचा अगदी ठरावीक क्रम आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून २०२० पासून मी तो शेकडो रुग्णांच्या तोंडून ऐकला आहे, आणि त्यातले बहुतेक जण तुमच्यासारखेच, चौथ्या-पाचव्या महिन्यात, ‘बरे होत होते ते बिघडले’ या भीतीने आलेले होते. म्हणून सर्वांत आधी हे सांगतो की वास विद्रूप होऊन येणे म्हणजे आजार उलटणे नव्हे. नाकाच्या छतातील मज्जापेशी पुन्हा उगवत असल्याचे, पण त्यांची घडी अजून नीट बसली नसल्याचे ते लक्षण आहे. हे मनाचे खेळ नाहीत, आणि घरच्यांनाही तसे स्पष्ट सांगा. हवे तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

नेमके काय घडते ते समजले की निम्मी भीती कमी होते, असा माझा अनुभव आहे. आपल्याला वास येतो तो नाकपुडीत नव्हे, तर नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, दोन डोळ्यांच्या मधोमध असलेल्या अरुंद फटीत. तिथे टपाल तिकिटाएवढ्या जागेत वासाच्या मज्जापेशी असतात. त्यांचे तंतू वरच्या चाळणीसारख्या हाडातील छिद्रांतून थेट मेंदूच्या तळाशी असलेल्या गंधकंदात जातात. या मज्जापेशींना आधार देणाऱ्या, त्यांचे पोषण करणाऱ्या आणि भोवतीचा ओलावा सांभाळणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. त्यांना आपण आधारपेशी म्हणू. कोरोना विषाणू शरीरात शिरतो तो एसीई-२ नावाच्या प्रथिनाच्या दारातून. हार्वर्डमध्ये संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवून दिले की हे दार वासाच्या मज्जापेशींवर नाही, ते आधारपेशींवर आहे. म्हणजे घर राहिले, पण घराचे वासे कोसळले. आधारपेशी मेल्या की मज्जापेशींची केसासारखी टोके गळून पडतात, आणि म्हणूनच नाक अजिबात चोंदलेले नसताना वास एका दिवसात नाहीसा होतो. सर्दीत वास जातो तो वाट बुजल्यामुळे. इथे वाट मोकळी असते, पण पोहोचलेला गंध टिपणारी यंत्रणाच काही काळ बंद पडलेली असते.

मेंदूविषयीच्या तुमच्या भीतीचे उत्तरही इथेच आहे. बेल्जियममधील ल्युव्हेन येथील संशोधकांनी कोविडने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या नाकातील आणि गंधकंदातील ऊतक मृत्यूनंतर लगेच काढून तपासले. त्यांना विषाणू सापडला तो आधारपेशींमध्ये. गंधकंदातील मज्जापेशींना संसर्ग झाल्याचे आढळले नाही. ब्रिटनमध्ये ७८५ जणांच्या मेंदूचे संसर्गापूर्वीचे आणि नंतरचे एमआरआय ताडून पाहणारा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. वासाशी निगडित भागांत संसर्ग झालेल्यांमध्ये ०.२ ते २ टक्क्यांपर्यंत अधिक घट त्यात दिसली, आणि त्यावर वृत्तपत्रांनी ‘मेंदू आक्रसतो’ असे मथळे दिले. तो अभ्यास चांगला आहे, पण ज्या भागाकडे नाकातून महिनोन्महिने संदेशच येत नाहीत तो भाग थोडा रोडावणे, हे प्लास्टरमध्ये ठेवलेल्या हाताचे स्नायू रोडावण्यासारखेही असू शकते. तुमच्या पत्रात स्मरण, बोलणे, चालणे किंवा दृष्टी यांची कोणतीही तक्रार नाही. तेवढ्यावरून तरी मेंदूच्या स्वतंत्र आजाराची शंका घ्यायला मला आधार दिसत नाही.

आता वास विद्रूप का होतो ते पाहू. वासाच्या मज्जापेशी शरीरातील मोजक्या अशा मज्जापेशींपैकी आहेत ज्या आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात; तळाशी असलेल्या मूळपेशी त्यांची भरपाई करतात. मात्र माणसाच्या नाकात या पेशींवर वास टिपणाऱ्या ग्राहकांचे, म्हणजे रिसेप्टरचे, सुमारे ४०० प्रकार आहेत, आणि कोणताही ओळखीचा वास म्हणजे त्यातील अनेकांनी एकाच वेळी दिलेल्या संदेशांची जुळणी असते. या ग्राहकांची जनुके शोधल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेटीवर एखादी रोजची आरती वाजते आहे आणि मधल्या दहा-बारा पट्ट्या वाजतच नाहीत, तर ऐकणाऱ्याला ती आरती ओळखू येणार नाही, उलट कानाला त्रास होईल. तुमच्या नाकात आज हेच चालले आहे. काही प्रकारच्या पेशी परतल्या आहेत, काही नाहीत, आणि नव्या तंतूंपैकी काही गंधकंदात आपल्या जुन्या जागी पोहोचण्याऐवजी शेजारी जाऊन जोडले गेले असण्याची शक्यता आहे. अर्धवट संदेश मेंदूला अनोळखी वाटतो आणि अनोळखी गंधाला मेंदू ‘सडलेले, जळलेले, धोक्याचे’ या खात्यात टाकतो.

सगळ्याच पदार्थांचा वास बिघडत नाही, ठरावीक पदार्थांचाच बिघडतो, हे तुम्ही अचूक टिपले आहे. कॉफी, कांदा, लसूण, भाजलेले मांस, अंडी, टूथपेस्ट ही यादी मुंबईच्या रुग्णाची असो वा लंडनच्या, फारशी बदलत नाही. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या जेन पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफीच्या वाफेतील घटक एकेक करून अशा रुग्णांना हुंगायला दिले. सर्वाधिक त्रास देणारा घटक होता २-फ्युरानमिथेनथायॉल हे गंधकयुक्त संयुग. निरोगी नाकाला त्याचा वास खमंग, कॉफीसारखा लागतो. या रुग्णांना तोच किळसवाणा लागत होता. गंधकाची अशी संयुगे आणि भाजताना तयार होणारी पायराझिने अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवतात, म्हणून अर्धवट सावरलेल्या नाकाला आधी तीच कळतात. आपल्या स्वयंपाकाचे सारे वैभव याच दोन गोष्टींत आहे : कांदा-खोबरे भाजून केलेले वाटण, लसणाची फोडणी, दाण्याचे कूट, कढईत परतलेला रवा. त्यामुळे मराठी घरातल्या बाईला हा आजार दिवसातून दोनदा, ओट्यासमोर उभे राहून, सोसावा लागतो. याची कल्पना घरातल्या इतरांना नसते आणि ‘मनाचे खेळ’ हा शेरा त्यातूनच येतो.

चवीबद्दल थोडे लिहायला हवे, कारण जवळजवळ प्रत्येक रुग्ण ‘वास आणि चव दोन्ही गेले’ असे सांगतो. जिभेला कळते ते गोड, खारट, आंबट, कडू आणि मांस किंवा टोमॅटोतली ती भरीव रुची. आमटीचा ‘आमटीपणा’, हापूस आणि पायरीतला फरक, गोडा मसाला आणि गरम मसाला यांतला फरक, हे सारे घास चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या गंधामुळे कळते. साखर गोड आणि लिंबू आंबट लागत असेल तर जीभ शाबूत आहे. तिखटाचा जाळ, बामाचा थंडावा, कांदा चिरताना डोळ्यांत येणारे पाणी ही तिसरीच वाट आहे. ती चेहऱ्याच्या संवेदनेच्या मज्जातंतूची. म्हणून निलगिरी तेल नाकाला झोंबले म्हणजे वास आला असे समजू नये. नुसते झोंबणे आणि त्यासोबत ‘ही निलगिरी आहे’ हे ओळखू येणे, यांत फरक आहे. हा फरक पुढे सरावात तुमच्या कामी येणार आहे.

वास परत येईल का, या प्रश्नाला मी आकड्यांनी उत्तर देतो, कारण धीराच्या शब्दांनी रुग्णाचे समाधान फार काळ टिकत नाही. २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १८ अभ्यासांतील ३,६९९ रुग्णांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ७४ टक्के लोकांचा वास ३० दिवसांत, ८६ टक्क्यांचा ६० दिवसांत, ९० टक्क्यांचा ९० दिवसांत आणि सुमारे ९६ टक्क्यांचा १८० दिवसांत परतल्याचे आढळले. ज्यांना दीर्घकाळ तक्रार राहू शकते त्यांचे प्रमाण ५.६ टक्क्यांच्या आसपास धरले गेले. यातील बरीचशी माहिती रुग्णांनी स्वतः सांगितलेली असल्याने ती थोडी आशावादी आहे, आणि स्त्रियांमध्ये वास परतण्याची शक्यता काहीशी कमी दिसली हेही लपवण्यात अर्थ नाही. तुम्ही सातव्या महिन्यात आहात, म्हणजे लवकर बऱ्या झालेल्या मोठ्या गटात तुम्ही नाही. पण सहा महिन्यांनंतर दार बंद होत नाही. इटलीतील त्रिएस्ते येथे अशाच सौम्य आजार झालेल्या रुग्णांचा तीन वर्षे पाठपुरावा केला गेला, आणि वासाची तक्रार असलेल्यांचे प्रमाण दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीही कमीच होत गेले. माझ्या रुग्णांतही दीड-दोन वर्षांनी सुधारलेले अनेक आहेत. शिवाय वास विद्रूप येणाऱ्यांच्या नाकात निदान काही पेशी काम करत आहेत एवढे नक्की असते, त्यामुळे अजिबात वास नसलेल्या रुग्णापेक्षा तुमच्याकडे सराव करायला भांडवल अधिक आहे. वास शंभर टक्के पूर्वीसारखा होईल असे वचन मी देणार नाही. तो आजच्यापेक्षा बराच चांगला होण्याची शक्यता मात्र भक्कम आहे.

आता उपचार. ज्याला खरा आधार आहे आणि ज्याचा अपाय जवळजवळ नाही असा एकच उपाय आज माझ्याकडे आहे, तो म्हणजे घ्राणसराव. जर्मनीतील ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये, म्हणजे कोरोनाच्या कितीतरी आधी, तो मांडला. वास गेलेल्या रुग्णांनी गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास रोज दोन वेळा बारा आठवडे हुंगले, आणि न हुंगणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात सुधारणा अधिक झाली. हे चारच का, याचे मूळ हान्स हेनिंग या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये केलेल्या वासांच्या वर्गवारीत आहे : एक फुलांचा, एक फळांचा, एक मसाल्याचा आणि एक राळेचा. योगायोगाने चारही वस्तू आपल्या घरात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, त्यामुळे महागडा तयार संच मागवायची गरज नाही.

झाकणाच्या चार लहान काचेच्या बाटल्या घ्या. एकीत कापसावर गुलाबाच्या चांगल्या अत्तराचे दोन-तीन थेंब टाका. गुलाबपाणी फार मंद पडते. दुसरीत निलगिरी तेलाचे दोन थेंब पुरेत. तिसरीत लिंबाची ताजी किसलेली साल ठेवा, कारण लिंबाचा वास रसापेक्षा सालीतल्या तेलात असतो. ती मात्र दर दोन दिवसांनी बदलावी लागते. चौथीत पाच-सहा लवंगा जाडसर कुटून टाका. अत्तर, तेल आणि लवंगा आठवड्याने बदला. बाटल्यांवर नावे लिहा आणि त्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. निलगिरी तेल पोटात गेले तर मुलांना गंभीर विषबाधा होते. कापूर वापरू नका. तो मुख्यतः झोंबतो, त्यामुळे फसवी आशा वाटते, शिवाय तोही मुलांना विषारीच आहे.

सकाळी चहाआधी आणि रात्री झोपण्यापूर्वी शांत बसा. एक बाटली नाकाशी धरून पंधरा-वीस सेकंद हलके, छोटे छोटे श्वास घ्या. जोराने ओढू नका. अर्धा मिनिट थांबा आणि दुसरी बाटली घ्या. पाच मिनिटांचे काम आहे, पण ते टीव्ही पाहत किंवा मोबाइल हातात घेऊन केले तर मला त्याचा उपयोग दिसलेला नाही. लवंग हुंगताना लवंग आठवायची आहे : मसालेभातात दाताखाली आलेली, विड्याला टोचलेली, दाढ दुखताना आजीने धरायला दिलेली. वास आला नाही तरी आठवायची. आठवण आणि नाक एकाच वेळी कामाला लागावे हाच या सरावाचा गाभा आहे. किमान बारा आठवडे खंड पडू देऊ नका. त्यानंतर चारही वास बदलून वेलची, संत्र्याची साल, मोगरा, पुदिना असे दुसरे घ्या, कारण वास बदलत राहिल्याने फायदा वाढतो असे नंतरच्या अभ्यासांत दिसले आहे. तुमच्या बाबतीत एक पथ्य : जो वास असह्य विद्रूप येतो तो सध्या सरावात नको. कॉफीने सुरुवात करू नका.

सोबत एक वही ठेवा. ‘आला’ किंवा ‘नाही आला’ एवढेच त्यात लिहू नका. मराठीत वासासाठी जितके नेमके शब्द आहेत तितके वापरा : उग्र, मंद, खमंग, खरपूस, करपट, खवट, कुबट, कुजकट, आंबूस, ओशट, हिंवस. रुग्ण ‘घाण वास येतो’ म्हणतो तेव्हा मला काहीच कळत नाही, पण गेल्या महिन्यात कुजकट वाटणारा कांदा या महिन्यात नुसता उग्र वाटतो असे वहीत दिसले की सुधारणा चालू आहे हे मलाही कळते आणि त्यालाही. हा बदल इतका सावकाश होतो की वहीशिवाय तो निसटून जातो.

डबे पोहोचवण्याचा व्यवसाय असलेल्या एका बाई २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर माझ्याकडे येत असत. पहिल्या दिवशी चारही बाटल्यांना त्यांनी ‘पाणी’ असे एकच उत्तर दिले. निलगिरीला डोळे मिचकावले, पण ती कशाची आहे ते सांगता आले नाही. नवव्या आठवड्यात मी त्यांना डोळे मिटायला सांगून लवंगेची बाटली पुढे केली. त्यांनी दोनदा हुंगले, थांबल्या आणि म्हणाल्या, “दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा काहीतरी वास आहे.” लवंग हा शब्द त्यांना सापडला नव्हता, पण दंतवैद्यक वापरतात ते युजेनॉल लवंगेतलेच असते, आणि त्यांच्या नाकाने ते बिनचूक ओळखले होते. त्या दिवशी मी त्यांच्या कागदावर तारीख लिहून खाली दोन रेघा मारल्या. त्यानंतर मधले तीन महिने त्यांचेही तुमच्यासारखेच झाले. फोडणी देताना त्या नाकाला रुमाल बांधून उभ्या राहत. पण सराव त्यांनी सोडला नाही.

स्टिरॉइडच्या गोळ्यांविषयी माझे मत ठाम आहे आणि ते का ठाम आहे तेही सांगतो. नेदरलँड्समध्ये कोरोनानंतर वास न परतलेल्या रुग्णांना दहा दिवस प्रेडनिसोलोन किंवा तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या देऊन चाचणी केली गेली; दोन्ही गटांनी घ्राणसरावही केला. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक आढळला नाही. उपयोग नसेल तर निदान अपाय तरी नको, पण तो होऊ शकतो. २०२१ च्या मे महिन्यात म्युकरमायकोसिसची नोंद साथरोग कायद्याखाली बंधनकारक करावी असे केंद्र सरकारला राज्यांना सांगावे लागले, आणि त्या आजाराचे सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्या उन्हाळ्यात नाक आणि वरचा जबडा काळी बुरशी खाऊन गेलेले रुग्ण आम्ही दिवसरात्र शस्त्रक्रियेसाठी घेत होतो. काहींचा डोळा काढावा लागला. अनियंत्रित मधुमेह आणि मनमानी घेतलेली स्टिरॉइड्स हे त्यामागचे मोठे कारण होते. प्राण वाचवण्यासाठी ऑक्सिजनवरच्या रुग्णाला दिलेले स्टिरॉइड वेगळे, आणि सातव्या महिन्यात वासासाठी दिलेले वेगळे. तुम्ही साखर तपासली आहे की नाही ते लिहिलेले नाही. ती तपासाच, आणि या गोळ्या घेऊ नका.

नाकात मारायचे स्टिरॉइडचे फवारे तुलनेने सुरक्षित आहेत, पण सरावाच्या जोडीला ते दिल्याने वास लवकर परततो असे चाचण्यांत ठामपणे दिसलेले नाही. ॲलर्जी, सूज किंवा नाकात मांसल कोंब असतील तर त्यांचा उपयोग होतो, आणि म्हणून एकदा दुर्बिणीने नाक तपासून घेणे योग्य. कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास काहींना हलके वाटते. त्यासाठी पाणी उकळून गार केलेलेच घ्यावे, नळाचे थेट वापरू नये.

झिंकबद्दलही लिहितो. गोळ्यांनी कोरोनानंतरचा वास परतल्याचा खात्रीचा पुरावा नाही, आणि मोठ्या मात्रेत महिनोन्महिने घेतल्यास शरीरातील तांबे कमी होऊन रक्त आणि मज्जातंतूंना इजा होते. नाकात घालायचे झिंक तर मुळीच नको. १९३७ मध्ये टोरांटोत पोलिओपासून बचाव म्हणून मुलांच्या नाकात झिंक सल्फेटचा फवारा मारला गेला. पोलिओ थांबला नाही, काही मुलांचा वास मात्र गेला. पुढे २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनालाही नाकात घालायच्या झिंकच्या एका सर्दीच्या औषधाबद्दल याच कारणाने इशारा द्यावा लागला. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेटयुक्त द्रवाची नाकात टोचणी, मानेतील मज्जागाठीला भूल देणे अशा उपायांवर अभ्यास चालू आहेत आणि काहींत बरी चिन्हे दिसली आहेत, पण आज त्यासाठी तुम्ही पैसे खर्च करावेत इतका आधार त्यांना नाही. दीर्घकाळ वास न परतलेल्या नऊ जणांच्या नाकातील ऊतकाची अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तपासणी झाली, तेव्हा विषाणू नाहीसा होऊनही तिथे प्रतिकारपेशी ठाण मांडून बसलेल्या आढळल्या. ती रेंगाळलेली धुसफुस नाकातच शमवणारे औषध सापडले तर चित्र बदलेल, आणि त्या दिवसाची आम्हीही वाट पाहत आहोत.

तोवर वजन सावरायला हवे, आणि तुमच्या बाबतीत मला ते सर्वांत तातडीचे वाटते. गरम पदार्थातून गंध अधिक उडतो, म्हणून जेवण कोमट किंवा गार घ्या. दहीभात, ताक, उकडलेला बटाटा, काकडीची कोशिंबीर, केळी, पनीर, भिजवलेली मूग डाळ असे न भाजलेले आणि कांदा-लसूण नसलेले पदार्थ बहुतेकांना चालतात. आमसूल, लिंबू, कैरी, मिरी, पुदिना यांनी जिभेला काही तरी मिळते. चव लागत नाही म्हणून मीठ आणि साखर वाढवत जाण्याची सवय मात्र लागू देऊ नका. काही महिने फोडणी घरातल्या दुसऱ्या कोणी द्यावी, खिडकी उघडी ठेवावी, आणि त्या वेळी तुम्ही दुसऱ्या खोलीत असावे. ही सोय मागताना संकोच नको. टूथपेस्टचा त्रास होत असेल तर मुलांची, पुदिना नसलेली घ्या. स्वतःच्या घामाच्या वासाने अनेक जण दिवसातून चार वेळा अंघोळ करू लागतात आणि माणसांत जाणे टाळतात. तो वास फक्त तुमच्या नाकाला येतो आहे, इतरांना नाही. मन उदास राहत असेल, झोप उडाली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. वास गेलेल्या माणसाला असे वाटणे हा आजाराचाच भाग आहे.

घरातील धोक्यांकडे दुर्लक्ष नको. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे गंधकयुक्त द्रव्य मिसळतात. म्हणजे सध्या ज्या प्रकारचे वास तुमचे नाक चुकीचे वाचते, त्यातलाच हा आहे. रात्री रेग्युलेटर बंद करा आणि गॅसगळती ओळखणारे यंत्र बसवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने ते यंत्र छताजवळ नव्हे, तर जमिनीपासून थोड्या उंचीवर लावावे. पाइपचा नैसर्गिक वायू असेल तर तो हलका असतो. मग यंत्र वर लागेल. घरात कोणालाही गळतीचा संशय आला तर विजेचे बटण न दाबता दारे-खिडक्या उघडून बाहेर पडा आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर कळवा. दूध, उरलेली भाजी, भिजवलेले पीठ यांवर तारीख लिहा. आंबले की नाही याचा निर्णय तूर्त घरातल्या दुसऱ्या नाकावर सोपवा.

काही लक्षणे असतील तर मात्र वाट पाहू नका : वास एकाच नाकपुडीतून जाणे, नाकातून रक्त किंवा एका बाजूने पाण्यासारखा स्राव येणे, डोकेदुखी वाढत जाणे, गाल बधिर होणे, दिसण्यात फरक पडणे, किंवा समोर काहीही नसताना काही सेकंदच जळका वास येऊन शुद्ध हरपल्यासारखे वाटणे. यांतले काही असेल तर तपासणी आणि एमआरआय लवकर करावा लागतो. तुमच्या पत्रात यांपैकी काहीच नाही. तेव्हा आजपासून सराव सुरू करा, दर आठवड्याला वजन लिहा, आणि बारा आठवड्यांनी ती वही घेऊन जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांना भेटा. वजन आणखी दोन किलो उतरले तर त्याआधीच जा.

त्या डबेवाल्या बाईंचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. वास नव्हता तेव्हा त्या तूप कढवताना कान देऊन उभ्या राहत. तडतड थांबून बेरी तांबूस झाली की गॅस बंद करत. अकराव्या महिन्यात त्या आल्या, तेव्हा वही उघडायच्या आधीच म्हणाल्या की काल तूप झाल्याचे बाहेरच्या खोलीत बसून कळले. कांदा त्यांना अजूनही थोडा उग्र लागत होता.